तू माझं नाव दिलंस

मखमलाबाद, नाशिक
१४ जानेवारी २०२५

प्रतिभा,

आज संक्रांत. सगळ्यांनी गोड बोलायचं ठरवलेला दिवस. मला गोड बोलायचं नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस. मेलला उत्तर देत नाहीस. तुझा हैदराबादचा पत्ता मी तुझ्या आईकडून घेतला. तुला तिळगूळ पाठवायचाय असं काकूंना सांगितलं. या पाकिटात तिळगूळ नाही, शोधू नकोस.

नोकरकपातीत तू माझं नाव दिलंस हे मला माहीत आहे. आपल्या टीममधल्या यशोधनने सांगितलं. बिचाऱ्याला वाटलं मला आधीच ठाऊक असेल. बोलून गेला आणि मग 'सुवर्णा मॅडम, मी काही म्हटलंच नाही असं समजा' म्हणत फोनवर गयावया करायला लागला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तू कशाला घाबरतोस, तुझी नोकरी तर राहिली.

मला काढलं त्या दिवशी तू रजेवर होतीस. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. मला वरच्या मजल्यावर बोलावलं, एचआरची ती नवीन मुलगी समोर कागद घेऊन वाचत होती. कंपनीची पुनर्रचना, आपल्या योगदानाबद्दल आभार, वगैरे. वाचताना तिचा आवाज कापायला लागला. मीच तिला पाणी ओतून दिलं. बाहेर आले आणि सगळ्यात आधी कोणाला कळवलं असेल? तुला. 'मला काढलं गं. तू कुठे आहेस?' असा मेसेज टाकला. तू लिहिलंस, 'बोलते.'

अजून बोलते आहेस.

आपण दोघी एकाच दिवशी लागलो होतो. चाळीस वर्षांची जुनी कंपनी, परदेशातल्या वीजकंपन्यांची बिलं आपल्या सॉफ्टवेअरवर निघतात, याचं माझ्या वडिलांना केवढं कौतुक. 'सरकारी नोकरीपेक्षा पक्की' असं ते गावभर सांगत फिरायचे. तू मॅनेजर झालीस, मी कोड लिहीत राहिले. मला तेच आवडत होतं आणि तुला माहीत होतं. गेल्या वर्षी ते एआय टूल आलं तेव्हा त्याला आपला जुना कोड समजावून सांगायचं काम तू मला दिलंस. 'तुझ्याइतकं कोणालाच येत नाही' म्हणालीस. ते तेव्हाच ठरलं होतं का? हो किंवा नाही, एवढं तरी कळव.

तू बदली होऊन हैदराबादला गेल्यावर मी तुमच्या दिंडोरी रोडच्या फ्लॅटकडे फिरकणार नव्हते. पण दिवाळीच्या आधी काकूंचा फोन आला. 'भाजणी संपलीय, दळून आणायला कोणी नाही. तू येणं का बंद केलंस?' त्यांना यातलं काही माहीत नाही हे लक्षात आलं. काय सांगणार? गेले. आता आठवड्यातून दोनतीनदा जाते. तुझ्यासाठी नाही जात.

काकू बऱ्या आहेत. थोड्या बारीक झाल्यात, पण ते वयानं.

सुवर्णा


मखमलाबाद
२ एप्रिल

प्रतिभा,

मागच्या पत्राचं उत्तर नाही. ठीक आहे. हे पत्र त्या भांडणाचं नाही, त्यामुळे पूर्ण वाच.

काकू बऱ्या नाहीत. मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. तेव्हाही मला शंका होती, पण कोणाला सांगायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं. जेवण जात नव्हतं, पाठीत कळा यायच्या. मी मागे लागून गंगापूर रोडला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि तो यकृतात गेलाय. डॉक्टर बाई चांगल्या आहेत, स्पष्ट बोलतात. त्या म्हणाल्या, केमो द्यायची तर देऊ, पण या वयात त्रासच जास्त होईल. काकूंनी तिथेच हात जोडले, 'नको. घरी जाऊ दे मला.'

बाहेर रिक्षात बसल्यावर मला म्हणाल्या, "प्रतिभाला यातलं अक्षर सांगायचं नाही."

"काकू, असं कसं? एकुलती एक मुलगी आहे तुमची."

"तिची नवी जागा, ओवीची नवी शाळा. आत्ता कुठे बस्तान बसतंय. ती पळत येईल आणि तिकडे तिचं नाव खराब होईल. माझी शपथ घे."

मी शपथ घेतली. आणि आज मोडते आहे.

तू रोज संध्याकाळी फोन करतेस तेव्हा त्या उशीला टेकून बसतात, आधी घोटभर पाणी पितात, घसा साफ करतात आणि मग तुझ्याशी बोलतात. 'आज काय केलंस गं? मी? मी मस्त थालीपीठ खाल्लं.' थालीपीठ मी खाल्लेलं असतं. फोन ठेवला की आडव्या होतात आणि बराच वेळ डोळे मिटून पडतात. हे बघवत नाही, म्हणून लिहिलं.

काकूंच्या फोनवरून तुला सांगता आलं असतं. पण त्या समोर असतात. आणि खरं सांगायचं तर तुझा आवाज ऐकला की मी भांडेन आणि सांगायचं ते राहून जाईल.

तू ये. मी सांगितलं म्हणून आलीस असं त्यांना कळू देऊ नकोस. सहज आले म्हण.

माझ्या आईला मी काकूंकडे जाते ते पटत नाही. परवा डबा भरत होते तर म्हणाली, "जिनं तुझी नोकरी घालवली तिच्या आईला पेज घेऊन चालली व्हय? लय मोठ्या मनाची झाली तू." मी म्हटलं, आई, त्या आजारी आहेत. तर म्हणे, "आजारी हाय मंग पोरगी कुठंय?" मी डबा भरत राहिले. पण निघताना तिनंच डब्यात वरून तुपाची वाटी ठेवली.

नोकरीचं विचारशील असं वाटत नाही, तरी सांगते. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या. एका ठिकाणी तिसऱ्या फेरीपर्यंत गेले. शेवटी त्यांनी विचारलं, 'इतकी वर्षं एकाच कंपनीत का राहिलात?' मला वाटायचं ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की नाही. घरी आले आणि ज्ञानेशबरोबर शेवंतीच्या जुड्या बांधत बसले. माझा भाऊ काही विचारत नाही, तेवढं एक बरं आहे.

ये.

सुवर्णा


२८ एप्रिल

प्रतिभा,

तू आलीस. शनिवारी सकाळी आलीस आणि रविवारी रात्रीच्या आत परत गेलीस.

मला वाटलं होतं रजा काढून येशील. तू लॅपटॉप घेऊन आलीस. काकूंच्या पलंगाशेजारी बसून कॉलवर बोलत होतीस, 'येस, येस, रिलीज विल गो अॅज प्लॅन्ड.' काकू हाताने मला खुणावत होत्या, पंखा हळू कर, तिला ऐकू येत नसेल. स्वतः घामाने भिजल्या होत्या. मी पंखा हळू केला नाही.

तू माझ्याशी बोललीस ते औषधांबद्दल. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर. फोनमध्ये टिपून घेतलंस. मान वर केली नाहीस. मी चहा केला तेव्हा 'थँक्यू' म्हणालीस. थँक्यू! तुझ्या बाळंतपणात ओवीला पहिल्यांदा मी हातात घेतलं होतं, तुझा नवरा पोचायच्या आधी, आणि तू मला परक्या माणसासारखी थँक्यू म्हणतेस.

जाताना लिफ्टपाशी तू काहीतरी बोलणार होतीस. मला दिसलं ते. तेवढ्यात तुझा फोन वाजला. मी दार लावून घेतलं. मुद्दाम लावलं.

संध्याकाळी काकू म्हणाल्या, "बघ, माझ्यासाठी धावत आली. इतक्या कामातून आली."

"हो ना," मी म्हटलं.

"वाळलीय गं ती. जेवते की नाही कोण जाणे."

आता तूच सांग, यावर मी काय बोलायचं? त्यांच्या पोटात अन्नाचा कण ठरत नाही आणि त्या तू जेवतेस की नाही याची काळजी करतात.

माझं म्हणणं एवढंच की परत ये आणि राहा. तुझ्या त्या कंपनीला मी अठरा वर्षं दिली. सुट्टीच्या दिवशी गेले, तापात गेले, माझं लग्न मोडलं त्या आठवड्यातही गेले. मला काढल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कोणी तरी झेरॉक्सचे खोके ठेवले होते म्हणे. तिथे कोणाचं काही अडत नाही गं. इथे अडतंय.

सुवर्णा


१९ जून

प्रतिभा,

काकू गेल्या त्याच रात्री तू आलीस, बाराव्यानंतर गेलीस. घरात सतत माणसं होती, सगळं तुमच्या भाऊबंदांच्या हातात. मी स्वयंपाकघरात होते. तुला त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. तुला जाणून घ्यायचं असेल असं मी धरून चालते. नसेल तर इथेच थांब.

तुझं शुक्रवारचं विमान होतं. बुधवारी सकाळी काकूंनी मला फोन करून बोलावलं. स्वतः केला, आवाज बरा होता. मी गेले तर म्हणाल्या, केस विंचरून दे. विंचरले. मग म्हणाल्या, पाय दुखतात. मी तेल कोमट करून आणलं आणि पायाशी बसले.

"सुवर्णा, तुझं नाव तिनंच दिलं ना?"

माझा हात थांबला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिनंच. त्याच दिवशी. रजा घेऊन घरीच होती ना, या खोलीत. दार लावून बसली होती. मी ताट घेऊन आत गेले तर लहान मुलीसारखी गळ्यात पडली. बोलता येत नव्हतं तिला."

"म्हणजे दिवाळीत मला बोलावलंत तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि ती भाजणी?"

"डबा भरलेला होता. म्हटलं, येतेस का बघू."

"आले नसते तर?"

"तर मी आले असते तुझ्याकडे. मखमलाबाद काय लांब आहे? रिक्षा केली असती. तुझी आई मला दारातून बोलली असती, ते ऐकून घेतलं असतं." पुढे म्हणाल्या, "मुलीच्या वतीने आईला ऐकून घेता येतं. तेवढी सोय असते."

प्रतिभा, मी इतके महिने त्यांच्यापासून लपवते आहे अशा समजुतीत होते. नोकरी चालू असल्यासारखं बोलायचे. 'आज ऑफिसातून लवकर सुटले' म्हणायचे. आणि त्या 'हो का' म्हणून ऐकायच्या. मला लाज वाटेल म्हणून त्यांनी एकदाही चेहऱ्यावर दाखवलं नाही. मी तेल लावत रडायला लागले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

मग म्हणाल्या, "तिला टाकू नकोस."

मला 'नाही टाकणार' म्हणायला हवं होतं. मरणाच्या दारातल्या माणसाला कोणीही तेवढं म्हणेल. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. त्यांना खोटं सांगायची सोय तर आता राहिली नव्हती. मी नुसती पायांना तेल लावत राहिले. त्यांनी वाट बघितली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बरं. राहू दे."

दुपारी त्यांना धाप लागली. मी डॉक्टरांना फोन केला, तुला केला. काकूंच्या फोनवरून केला, म्हणजे तू उचलशील. तू उचलला नाहीस. तू मीटिंगमध्ये होतीस असं नंतर कळलं. मी त्याबद्दल तुला काही म्हणत नाही. तुझ्या जागी मी असते तर माझाही फोन मीटिंगमध्ये बंद असता, आपण दोघी त्याच शाळेत शिकलो. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, माझंही नाही. 'खिडकी उघड' म्हणाल्या. मी खिडकी उघडायला उठले नाही, कारण उठले असते तर डोकं खाली ठेवावं लागलं असतं. शेजारच्या बाईंना हाक मारली, त्या येऊन उघडेपर्यंत सगळं संपलं होतं.

ती खिडकी मला सोडत नाही.

सुवर्णा


मखमलाबाद
७ सप्टेंबर

प्रतिभा,

तू मागच्या आठवड्यात फ्लॅट आवरायला आलीस, मला निरोप पाठवलास आणि आपण गंगेवर, गोदावरीच्या घाटावर भेटलो. घरी नको म्हणालीस, कारण घरात काकूंचा वास येतो. मला तेव्हा नीट बोलता आलं नाही. नदीला पूर होता, यात्रेकरूंची गर्दी, फोटोवाले मागे लागलेले. तू जे बोललीस ते मी घरी आल्यापासून मनात पुन्हा पुन्हा ऐकते आहे, म्हणून आता लिहून उत्तर देते.

तू म्हणालीस, "मला एक नाव द्यायला सांगितलं होतं. तू किंवा यशोधन. त्याची बायको सातव्या महिन्यात होती. घरात दुसरा पगार नाही."

"आणि माझं?"

"तुला शेती आहे, भाऊ आहे. मूल नाही. मला वाटलं तू सावरशील."

मी म्हटलं, एवढंच?

तू पाण्याकडे वळलीस. मग म्हणालीस, "नाही. मला वाटलं, यशोधन मला आयुष्यभर शिव्या देईल. तू एकटीच अशी आहेस जी मला समजून घेईल."

म्हणजे मी जवळची होते म्हणून गेले. परकी असते तर राहिले असते.

तुला वाटत असेल हे ऐकून मला आणखी राग आला. राग आला, पण त्याच्याबरोबर आणखी काहीतरी झालं. इतके दिवस मला वाटत होतं की माझं काम कमी पडलं. मुलाखतीत नकार आला की तेच डोक्यात यायचं, प्रतिभाला सगळं माहीत होतं, तिनंच मला काढलं, म्हणजे माझ्यात काही राहिलं नसणार. ते ओझं तू त्या पायरीवर बसून उतरवलंस. हे तू वर्षापूर्वी फोनवर सांगितलं असतंस तर मी तुला खूप बोलले असते, महिनाभर बोलले नसते, आणि मग काकूंच्या आजारात आपण दोघी एकत्र असतो. तू आणि मी आळीपाळीने जागलो असतो. तू मीटिंगमध्ये असतानाही मी तुला शोधून काढलं असतं. नोकरी गेली त्याचं दुःख आता कमी झालंय. तू गप्प बसलीस त्याचं नाही.

निघताना तू विचारलंस, "मला माफ करशील?" मी म्हटलं, रिक्षा आली. रिक्षा आली नव्हती, हे तुलाही दिसत होतं.

तर उत्तर असं. माफ केलं असं मला लिहवत नाही. दोनदा लिहिलं आणि फाडलं. कदाचित कधीतरी लिहवेल, कदाचित नाही, त्याची वाट बघत बसू नकोस.

मला नोकरी लागली. अंबडमध्ये एक लहानशी कंपनी आहे, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतात. पगार पहिल्यापेक्षा कमी. माणसं बरी आहेत. आई म्हणते, "आता ह्या लोकांवर तरी एवढा जीव लावू नको." प्रयत्न करते आहे.

काल तिथे एक गंमत झाली. एका दवाखान्याच्या प्रोग्राममध्ये वय लिहायच्या जागी कोणी तरी फोन नंबर लिहिला आणि प्रोग्रामने तो घेतलाही. पेशंटचं वय नऊशे ऐंशी कोटी वर्षं! त्यावर बाईंना प्रसूतीसाठी दाखल केलेलं. मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. आणि हसत हसत मी उजवीकडे वळले, 'प्रतिभा, हे बघ' म्हणायला. शब्द तोंडातून अर्धा बाहेर पडला होता. तिथे बसणारी मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, काही नाही.

काकूंना मी शब्द दिला नाही, तेव्हा त्यांच्यापायी हे लिहीत नाही. पण मला हसू आलं की सांगायला पहिलं नाव तुझंच तोंडात येतं, आणि मग आठवतं, आणि मग दिवसभर काम सुचत नाही. रागाचं काय करायचं ते मला कळतं. याचं काय करायचं ते कळत नाही.

तुला कळत असेल तर लिही. फोन नको.

सुवर्णा